कडू दवणा प्यालेली कोंबडी

दोन्या कुस्तोदिया कुणाचीही कोंबडी आधी पाठीमागून बघायची. "तोंडावर काय जातेस बाई, तोंड तर सगळ्यांचंच बरं दिसतं," म्हणायची. शेपटाखालची पिसं चिकटलीत का, शिट पांढरी पडते की हिरवी, हे बघून झालं की मग तुरा, मग डोळे, आणि शेवटी दोन बोटांनी गळ्याखालची पिशवी चाचपून कालचा दाणा जिरलाय का ते. तोवर कोंबडीच्या मालकिणीनं तोंडातून ब्र काढायचा नाही. काढलाच तर ऐकून घ्यायचं, "आजारी कोण? तू की ती? मग तिला बोलू दे."

ला लाहिता म्हणजे डोंगरउतारावरची पंचवीस घरांची वाडी. बटाट्याची शेतं, धुकं, आणि घरटी दहा-वीस कोंबड्या. खाली गावात गुरांचा डॉक्टर होता, पण तो एका कोंबडीसाठी एवढा चढ चढणार होय? आणि चढला तरी काय सांगणार, ते वाडीला पाठ होतं: कापून खा. त्यापेक्षा कुस्तोदिया बरी. वाडी तिला मानानं दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणायची. उवा झाल्या तर ती चुलीची राख आणि कोरडा चुना खड्ड्यात कालवून कोंबड्यांना त्यात लोळू द्यायची. जंत झाले तर भोपळ्याच्या बिया कुटून. पातळ शिट पडली तर भाजलेल्या सातूचं पाणी. घुरघूर लागली तर कोमट मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं आणि खुराड्यात निलगिरीच्या पाल्याचा धूर. आणि दर महिन्याला, चंद्र उतरणीला लागला की तीन सकाळी सगळ्यांना कडू दवणा आणि ठेचलेला लसूण रात्रभर भिजवलेलं पाणी. अंड्यांवर कोंबडी बसवायची तर अंडी विषम, आणि गवताखाली एक लोखंडी खिळा, म्हणजे ढगांच्या गडगडाटानं अंडी नासत नाहीत. यातलं खरं किती आणि खोटं किती ते मला विचारू नका. तिची पिल्लं जगायची, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय.

तर अशा या कुस्तोदियाला नातवंड होणार होतं. पहिलंच.

तिचा एकुलता एक एलिएसेर दुधाची गाडी चालवायचा. त्याची बायको नुबिया खाली गावातली, हडकुळी, हसरी, आणि जिभेला हाड नसलेली. आमच्याकडे बाळंतिणीला चाळीस दिवस सांभाळतात. डोक्याला फडकं, कानात कापूस, वाऱ्यात जायचं नाही, आणि रोज एका कोंबडीचा रस्सा. चाळीस दिवस, चाळीस कोंबड्या. त्याही घरच्या, मातीत उकरून खाल्लेल्या. शेडमधल्या पांढऱ्या कोंबडीच्या रश्श्याला कुस्तोदिया धुण्याचं पाणी म्हणायची. सुनेला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात तिनं तीन खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवल्या. आठव्या महिन्यापर्यंत परड्यात बेचाळीस झाल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवायची. त्या बेचाळिसांत एक होती कोंदेसा. चितकबरी, डोक्यावर तुऱ्याचा झुपका, आणि चाल नावाप्रमाणेच, सरदारणीनं यावं अशी. कुस्तोदिया लग्न होऊन आली तेव्हा माहेरून एक अशीच चितकबरी काखेत घेऊन आली होती. ही तिच्याच वंशातली, नावही तेच.

आणि मग विहीणबाई आल्या.

नुबियाची आई दोन्या बेलार्मिना. सोन्याचा एक दात, हातात छत्री, आणि आवाज पार ओढ्यापलीकडे जाईल असा. जावयाच्या गाडीतून उतरली ती काखेत लालभडक कोंबडी घेऊनच.

"घ्या विहीणबाई! अख्ख्या बाजारात हिच्याइतकी देखणी नव्हती. माझ्याकडून चाळिसांत एक."

कुस्तोदियानं सवयीनं आधी मागून बघितलं. मग पुढून. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात फेसाचा एवढासा बुडबुडा. आणि कोंबडी शिंकली.

आता तिचा नियम असा की बाहेरून आलेली कोंबडी पंधरा दिवस अंजिराच्या झाडाखाली वेगळी बांधायची. पाद्रीबाबांनी दिलेली कोंबडीसुद्धा तिनं तिथे बांधली होती. पण ही विहीण! सुनेच्या माहेरची भेट झाडाला बांधून ठेवली असती तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. ती अंजिराकडे बघत उभी राहिली, तेवढ्यात बेलार्मिनानंच कोंबडी खाली सोडली.

"सोडा की हो, लाजताय काय! तुमच्याच घरची आता ती."

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ते हे असं.

आठवड्यात खुराडं घुरघुरायला लागलं. तोंडं सुजली, डोळे चिकटले. कुस्तोदियानं पदर खोचला. सकाळ-संध्याकाळ एकेकीला घोंगड्याच्या तुकड्यात गुंडाळायचं, नाक धुवायचं, डोळे पुसायचे, चोच उघडून कडू दवणा, लसूण आणि गुळाचं पाणी चमच्यानं घशात सोडायचं. नुबिया एवढं पोट घेऊन स्टुलावर बसायची आणि बऱ्या होत आलेल्यांना दाणा चारायची.

"दोन्या, हे पोर जन्मल्यावर रडायचं नाही. आरवेल."

"आरवू दे. पहाटे उठायला बरं."

कोंदेसाचे डोळे सगळ्यांत शेवटी उघडले. उघडले तशी ती चालत जाऊन नुबियाच्या पायावर बसली आणि तिथेच झोपली. "बघा, हिला माणसं कळतात," नुबिया म्हणाली, आणि पाय मुंग्या येईपर्यंत हलवला नाही. तिघी गेल्या. त्यांत विहीणबाईंची लालभडक पहिली. पण चाळीस वाचल्या. नेमक्या चाळीस! कुस्तोदियानं मोजून बघितलं, पुन्हा मोजलं, आणि मग खुराड्यासमोर बसून पोटभर रडली.

महिन्याभरानं नुबिया मोकळी झाली. मुलगी. काळंभोर जावळ, आणि आरवली नाही, चक्क किंचाळली. कुस्तोदियानं तिला हातात घेतलं आणि त्या दिवसापासून ती घरात चालताना पाय वाजवेनाशी झाली. दोन दिवस पोरगी छातीला धड लागेना, नुबियाला दूधही बेताचंच. आता खरा रस्सा सुरू व्हायला हवा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बेलार्मिना एप्रन घेऊनच आली, कारण रश्श्याचे चाळीस दिवस तिथून मोजायचे आणि पहिली कोंबडी बाळंतिणीच्या आईनं कापायची असते.

स्वयंपाकघरात शेजारीण साग्रारिओही होती, बाळ बघायला आलेली. बेलार्मिनानं सुरीला धार लावता लावता सहज विचारलं, "आणि हो विहीणबाई, या कोंबड्या मध्यंतरी आजारी होत्या म्हणे. काय दिलंत यांना?"

कुस्तोदिया गप्प बसली. साग्रारिओ कशाला बसते! "कडू दवणा दिला, दुसरं काय? चाळीसच्या चाळीस हातानं पाजून वाचवल्या हो हिनं!"

बेलार्मिनानं सुरी खाली ठेवली.

"कडू दवणा? आणि बाळंतिणीच्या पातेल्यात? अहो, दूध कडू होतं! पोरं छाती सोडतात. हे तर आमच्या गावात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. आणि तुमच्याच वाडीवरून आलंय ते खाली."

साग्रारिओनं जीभ चावली. बाळंतपणासाठीच्या कोंबड्या वाडीत दवण्यापासून दूर ठेवतात, हे ती बोलण्याच्या भरात विसरली होती. "खरंच की गं. माझ्याकडची एखादी... पण नको. माझ्या कोंबड्यांना मागच्याच महिन्यात हिनंच पाजलाय." वाडीतल्या एकेका घराचं नाव घेऊन झालं. कुठल्याच घरातली कोंबडी कोरी नव्हती. पंचवीस घरांत कुस्तोदियाचा चमचा फिरलेला.

"मग सोपं आहे," बेलार्मिना म्हणाली. "लेकीला आणि नातीला मी खाली घेऊन जाते. माझ्या बहिणीच्या कोंबड्यांनी औषधाचं तोंड बघितलेलं नाही. तीनला जावयाची गाडी निघते. चाळीस दिवस झाले की आणून सोडीन."

आणून सोडीन! कुस्तोदियाला काय कळत नव्हतं? चाळिसाचे साठ होणार, मग खाली दवाखाना जवळ, मग वर धुकं फार, मग पोरीला सर्दी. नात चालायला लागेल तेव्हा आजीला दुरून हात हलवायला शिकेल. ती परड्यात गेली आणि राखेच्या खड्ड्याशी उभी राहिली.

कारण दूध कडू होतं हे वाडीला कुणी शिकवलं होतं? तिनंच.

एकतीस वर्षांमागची गोष्ट. एलिएसेर झाला तेव्हा कुस्तोदिया एकोणीस वर्षांची. सासू दोन्या प्रेसेंता उंचच उंच, दिवसाकाठी दहा शब्द बोलणारी. सदतिसाव्या दिवशी घरातल्या कोंबड्या संपल्या. उरली एकटी कोंदेसा, ती पहिली, माहेरची. या घरात कुस्तोदियाचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. प्रेसेंतानं एका हातात सुरी घेतली आणि दुसऱ्या हातात कोंदेसाचे पाय. आणि कुस्तोदिया खाटेवरून ओरडली, "नको, नको! तिला मी कडू दवणा पाजलाय! माझ्या आईकडे म्हणतात, दूध कडू होतं!"

तिच्या आईकडे असलं काहीही म्हणत नव्हते. दवणाही पाजला नव्हता. तोंडाला आलं ते बोलली. प्रेसेंतानं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग कोंबडी सोडली, सुरी फळीवर ठेवली, आणि उरलेले दिवस बटाटे घालून दुधाची पेज दिली. पुढच्या आठवड्यात पाणवठ्यावर बायकांना म्हणाली, "आमच्या सुनेला कोंबड्यांतलं कळतं." झालं! बायका काखेत कोंबड्या घेऊन दारात उभ्या. कुस्तोदियाला कोंबड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दारात आलेलीला नाही कसं म्हणायचं? मग ती बघत गेली, चुकत गेली, शिकत गेली. सगळी विद्या नंतरची. पाया मात्र त्या एका थापेचा. ते आता सांगायचं, तर उद्या राखेवर, धुरावर, सातूच्या पाण्यावर तरी कोण विश्वास ठेवणार? तिला खरोखर भीती वाटली. पण आतून नात रडली आणि तिचे पाय आपोआप घराकडे वळले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं?

"ऐका," ती दारातूनच म्हणाली. "कडू दवण्यानं दूध कडू होत नाही. मी थाप मारली होती. एकतीस वर्षांपूर्वी. माझी कोंबडी वाचवायला."

बेलार्मिनानं साग्रारिओकडे बघितलं. मग साग्रारिओ म्हणाली, "असं कसं? माझ्या धाकटीच्या वेळी दूध कडू झालंच होतं. तीन दिवस पोर कळवळत होती."

"ती पोटात वारा धरला म्हणून कळवळत होती. तू शेजारच्या बारशाला जाऊन ताटभर राजमा खाल्ला होतास."

"राजमा मी चाखला होता फक्त!"

"आणि आमच्या गावातल्या बायकांचं काय?" बेलार्मिनानं कमरेवर हात ठेवले. "त्या सगळ्या वेड्या? विहीणबाई, मी तुमच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. नात जाऊ नये म्हणून खोटं बोलताय."

"अहो, खोटं तेव्हा बोलले! आता खरं बोलतेय!"

"खोटं बोलणारी सगळीच माणसं असंच म्हणतात."

काय करावं सांगा! एकतीस वर्षांपूर्वी खोटं बोलली तर एका दमात पटलं, आणि आज खरं बोलते तर साक्षीदार मिळेना. कुस्तोदिया लाकडाच्या ओंडक्यावर मटकन बसली आणि तिला हसूही आलं, रडूही आलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून नुबियाचा आवाज आला. कानात कापूस असला तरी मधली भिंत पातळ होती.

"तुमचं भांडण झालं असेल तर मला कडकडून भूक लागलीय! दोन्या, कोंदेसाच्या गळ्याची शपथ घेता?"

"घेते," कुस्तोदिया म्हणाली. "तिच्या गळ्याची आणि माझ्याही."

"मग पातेलं चढवा."

"अगं पोरी, दूध..." बेलार्मिना सुरू झाली.

"आई, पोरगीच सांगेल ना. दूध तिला प्यायचंय, तुला नाही."

कोंबडी कुस्तोदियानंच कापली, विहीणबाईंनी हात लावला नाही. बटाटे, कांद्याची पात, कोथिंबीर. रश्श्यावर पिवळा तवंग आला तेव्हा साग्रारिओला तोंड पुसावं लागलं. नुबियानं दोन वाडगे रिचवले आणि तिसरा मागितला. तीन वाजता बाहेर गाडीचा भोंगा वाजला. एलिएसेर डोकावून म्हणाला, "कोण येतंय खाली?" तिघींनी एका वेळी "शू!" केलं. कारण नुबियानं पोरीला नुकतं जवळ घेतलं होतं.

पोरगी लागली. दोन घोट घेतले. आणि थांबली. भुवया वर, ओठ वाकडे, सगळं तोंड लाल.

"बघा!" बेलार्मिना किंचाळली.

पोरीनं दुपट्यात असा काही आवाज काढला की तो चार खोल्यांत ऐकू गेला असता. मग तोंड सरळ केलं आणि पुन्हा चिकटली, ती पाऊण तास सोडीना.

"अजून उतरलं नसेल दुधात. संध्याकाळी कळेल," बेलार्मिना म्हणाली, पण आवाज उतरला होता. गाडी तिला न घेताच गेली. संध्याकाळी पोरगी पुन्हा प्यायली. तेव्हा बेलार्मिनानं मान वळवून, कुणी बघत नाही असं समजून, एक थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

"काय?" कुस्तोदियानं विचारलं.

"गोड आहे," बेलार्मिना म्हणाली. मग जरा वेळानं, "तसा रस्सा उरलाय का?"

दुसऱ्या दिवशी कुस्तोदिया दाराकडे बघायला धजत नव्हती. आता कोण येणार तिच्याकडे! आठच्या सुमाराला साग्रारिओ आली, काखेत कोंबडी. "ते दवण्याचं खोटं निघालं, असो. पण हिच्या पायाला काय झालंय ते बघ आधी." कुस्तोदियानं कोंबडी उलटी धरली, आधी मागून बघितली, आणि पहिल्यांदाच मालकिणीला बसायला सांगितलं.

दिवस भराभर गेले. नुबियाचे गाल भरले, पोरीच्या मांडीला वळ्या पडल्या. बेलार्मिना दर आठवड्याला यायची आणि दोघी विहिणी चुलीपाशी बसून एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या. खुराडं रिकामं होत गेलं. कुस्तोदिया रोज सकाळी एक निवडायची आणि कोंदेसाला वगळायची. उद्या, उद्या करता करता एकोणचाळीस झाल्या.

चाळिसाव्या दिवशी खुराड्यात कोंदेसा एकटीच होती. त्या दिवशी बाळंतिणीचं पाल्याच्या पाण्यातलं शेवटचं न्हाणं, आणि शेवटचा रस्सा. तो चुकवायचा नसतो. आता थाप मारायलाही जागा उरली नव्हती, तिनं स्वतःच ती बुजवली होती. कुस्तोदियानं कोंदेसाला उचललं, काखेत धरलं, आणि सुरी घेऊन ओंडक्याशी आली. कोंदेसानं तिच्या बाहीवरचा दाणा टिपला. बेलार्मिना उकळतं पाणी घेऊन उभी होती.

दारात नुबिया आली. डोक्याला फडकं, खांद्यावर पोरगी.

"दोन्या, तिनं कडू दवणा घेतला होता ना?"

"घेतला होता. सगळ्यांनी घेतला होता."

"मग सोडा तिला," नुबिया म्हणाली. चेहरा अगदी गंभीर. "दूध कडू होतं."

कुस्तोदिया तिच्याकडे बघतच राहिली. एकतीस वर्षं तिला वाटत आलं होतं की आपण दोन्या प्रेसेंताला फसवलं. त्या उंच, मुकाट बाईनं तेव्हा एवढा वेळ काय बघितलं होतं आणि सुरी फळीवर का ठेवली होती, ते तिला आत्ता, या घटकेला कळलं. तिनं कोंदेसाला खाली सोडलं आणि पदरानं डोळे पुसले.

"मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते," बेलार्मिना म्हणाली, आणि उकळतं पाणी घेऊन बटाटे सोलायला आत गेली.